गाडी कुठल्या गावची?

गेल्या दिवाळीत निपाणीच्या आमच्या घरी फराळापेक्षा गाड्यांचाच विषय जास्त रंगला. निमित्त होतं धाकट्या लेकीच्या नोकरीचं. तिला बेळगावात काम मिळालं. आठवड्यातून चार दिवस जाऊन-येऊन करायचं. जाताना 75 किलोमीटर, येताना तितकेच. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट, काकती आणि मग बेळगाव. हा रस्ता आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ आहे आणि त्यावरून ट्रक कसे धावतात तेही ठाऊक आहे. संध्याकाळी परतायला उशीर होणार, तेव्हा तिला गाडी घेऊन द्यायची, असं ह्यांनी जाहीर केलं आणि घरात जणू पंचायतीची निवडणूक लागली.

दीर म्हणाले, "गाडी घ्यायची तर जर्मन. नुसतं दार लावून बघा वहिनी, तिजोरी लावल्यासारखा आवाज येतोय." धाकट्या बहिणीबरोबर गोकाकचे भावोजी आले होते. ते म्हणाले, "कण्ण मुच्ची जपानी तगोरी." डोळे झाकून जपानी घ्या, दहा वर्षं बॉनेट उघडायला लागणार नाही. पुतण्याचं मत कोरियन गाडीला, कारण तिचं छत उघडतं आणि सीटमधून गार वारा येतो. मामंजी नव्वदीला टेकलेत. ते झोपाळ्यावरून एवढंच बोलले, "अँबॅसिडर बंद केली, तिथंच सगळं बिघडलं."

लेक चकलीचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "चालवणार मी. मला कोण विचारणार आहे का?"

कुणीच विचारलं नाही. उलट मामंजींनी मलाच विचारलं, "तू पेपरात लिहितीस न्हवं? मग सांग, कुठल्या देशाची गाडी चांगली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढचे दोन महिने मी वाचलं, ओळखीच्या मेस्त्रींना विचारलं, घरातले जुने फोटो काढून बसले. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण वाचकहो, हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही.

आधी मामंजींच्या अँबॅसिडरपासून सुरुवात करू. निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या दारात ही गाडी उभी असायची आणि ती असणं म्हणजे घराण्याला प्रतिष्ठा असायची. आपण तिला अस्सल देशी समजत होतो. पण मूळची ती इंग्रज. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड ही गाडी 1950 च्या दशकाच्या शेवटी पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथं अँबॅसिडर या नावानं बनू लागली आणि 2014 पर्यंत, थोडेफार बदल सोडले तर, तशीच बनत राहिली. तिची सोबतीण पद्मिनी. ती इटलीच्या फियाटची मुलगी, मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्यात वाढलेली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. तिसरी जीप. ती अमेरिकेची, आणि आपल्या शेताशिवारात तीच खरी राणी.

म्हणजे बघा, इंग्लंड, इटली, अमेरिका असे तीन देश आपल्या अंगणात तेव्हाच येऊन बसले होते. मग दर्जाचं काय? मामंजींना विचारलं तर सांगतात, वंटमुरीच्या घाटात गाडी तापली की उतरून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, अर्धा तास थांबायचं. पावसाळ्यात दारातून पाणी आत यायचं. तरी गाडी चांगली का? तर कुठल्याही गावचा मेस्त्री पाना आणि हातोडी घेऊन ती दुरुस्त करायचा. आणि आणखी एक कारण, जे मामंजी सांगत नाहीत. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागायची. दुसरी गाडी मिळतच नव्हती. ज्याला निवडायलाच काही नाही, त्याला जे मिळालं ते चांगलंच वाटतं.

हे बदललं 14 डिसेंबर 1983 ला. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची चावी दिली गेली. जपानच्या सुझुकीची ती छोटी गाडी. आमच्याकडं लोक तिला डबा म्हणाले. पत्रा पातळ, ट्रकनं फुंकर मारली तर उडेल, अशी चेष्टा झाली. पण सकाळी चावी फिरवली की ती सुरू व्हायची, आणि घाटात तापायची नाही. एवढ्या दोन गोष्टींनी तिनं देश जिंकला. तिच्या 25 लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

गंमत अशी की माझ्या आजीच्या तोंडी 'जपानी' हा शब्द शिवीसारखा असायचा. युद्धाआधी बाजारात जपानी खेळणी आणि किरकोळ वस्तू यायच्या. स्वस्त मिळायच्या आणि दोन दिवसांत मोडायच्या. तकलादू काही दिसलं की आजी म्हणायची, "जपानी माल आहे." त्याच जपानच्या गाडीसाठी आज भावोजी डोळे झाकायला तयार आहेत. मधल्या काळात झालं काय?

याचं उत्तर बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या विणकरांना माझ्यापेक्षा लवकर समजेल. साकिची टोयोडा हा जपानमधल्या सुताराचा मुलगा. जन्म 1867 चा. आईला हातमागावर राबताना बघत मोठा झाला आणि माग सुधारायच्या मागे लागला. 1924 साली त्यानं असा स्वयंचलित माग पुरा केला, की एक धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा. मागावर बसलेल्याला माहीत असतं, धागा तुटलेला कळला नाही आणि माग चालत राहिला, तर पुढचं सगळं कापड वाया. या मागाचे हक्क 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं 1 लाख पौंडांना घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारीचा नाद होता. 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. मागाचा तोच नियम पुढं गाड्यांच्या कारखान्यात आला. कुठल्याही साध्या कामगाराला चूक दिसली, तर त्यानं दोरी ओढून सगळी रांग थांबवायची. साहेबाला विचारत बसायचं नाही.

तरी एका रात्रीत काही झालं नाही. टोयोटानं 1957 साली आपली गाडी अमेरिकेत पाठवली, तेव्हा तिथल्या लांबलचक हमरस्त्यांवर ती तापू लागली, थरथरू लागली. दोन-तीन वर्षांत ती पाठवणं थांबवावं लागलं. दरम्यान 1950 मध्ये डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानला जाऊन, चुका मोजायच्या कशा आणि मुळातून काढायच्या कशा, यावर व्याख्यानं देऊन आले होते. जपान्यांनी ती मनावर घेतली. 1951 पासून त्यांच्याच नावानं दर्जासाठी पारितोषिक सुरू केलं. अमेरिकन गुरू, जपानी शिष्य. पुढं शिष्यानं गुरूच्या देशातला बाजार काबीज केला, हे आपण बघितलंच.

जर्मनीची गोष्टही अशीच उलटी आहे. दिरांना ती सांगितली तेव्हा ते जरा गप्प झाले. आज 'मेड इन जर्मनी' हे शब्द सोन्याच्या हॉलमार्कसारखे वाटतात. पण ते लिहायची सक्ती 1887 मध्ये इंग्रजांनी केली, ती जर्मन माल हलका म्हणून. गिऱ्हाइकानं तो ओळखावा आणि टाळावा, असा हेतू. जर्मनांनी माल इतका सुधारला की शिक्क्याचा अर्थच बदलला. आणि 2015 मध्ये त्याच देशातल्या फोक्सवॅगनच्या लबाडीचा बोभाटा झाला. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत अशी करामत केलेली होती, की तपासणी चालू आहे हे गाडीला कळायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी व्हायचा. परीक्षेपुरतं शहाणं होणारं पोर आपल्याकडंही असतं, पण इतकी मोठी शाळा एकदम कॉपी करताना सापडली, हे नवल.

जपान्यांनीही ठेचा खाल्ल्या. गाडी आपोआप वेग घेते अशा तक्रारींवरून टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांनी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढं बसून माफी मागितली. मागवाल्या साकिचीचे ते पणतू. कंपनी वाढवायच्या घाईत आमची नजर दर्जावरून हलली, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. धागा तुटला होता आणि माग थांबला नव्हता.

आता आपल्या बेळगावकडं येते. साकिचीपेक्षा दोन वर्षांनी लहान असा एक मुलगा, 1869 मध्ये, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मला. लक्ष्मणराव किर्लोस्कर. घरात मराठी, गावात कन्नड, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच घर. मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत असताना बढतीत डावललं गेलं, म्हणून ते नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. या उद्योगाची सुरुवात 1888 ची मानतात. परदेशातून आलेल्या सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, चालवायला शिकवायच्या. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण खरेदीला जातो, तेव्हा हे आठवत नाही.

पुढं त्यांनी लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष चढतं. नांगर पडून राहिले, पहिल्या विक्रीला वर्षं लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. एकीकडं माग सुधारणारा सुताराचा पोर, दुसरीकडं नांगर सुधारणारा सायकलवाला. दोघांची भेट झाल्याचं काही मी वाचलेलं नाही. पण 1997 मध्ये बेंगळूरजवळ बिडदीला टोयोटा-किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली, तेव्हा त्या दोन घराण्यांची गाठ पडली. जानेवारी 2000 मध्ये तिथून क्वालिस बाहेर पडली. इंडोनेशियात चालणाऱ्या गाडीची ती बहीण. शिर्डी, पंढरपूर, गोवा, यल्लम्मा, जिथं जाईल तिथं ती दिसू लागली. वडापवाल्यांनी तिच्यात किती माणसं कोंबली त्याची गणती नाही, तरी ती कुरकुरली नाही.

मग क्वालिस कुणाची म्हणायची? जपानची, इंडोनेशियाची, कर्नाटकाची, की गुर्लहोसूरची?

इथून पुढं माझा घोळ वाढतच गेला. मारुती स्विफ्टच्या डिझेल गाडीत 2007 पासून जे इंजिन होतं, ते मूळ इटलीच्या फियाटचं. तेच इंजिन टाटांच्या व्हिस्टात. ज्या फियाटच्या नावानं लोक नाक मुरडायचे, तिचंच इंजिन स्विफ्टमध्ये बसलं की "जपानी आहे, बघायला नको" असं म्हणायचे. 2020 मध्ये धुराचे नवे नियम आल्यावर ते थांबलं. पुण्यात बनलेली इंडिका 2003 मध्ये इंग्लंडमध्ये रोव्हरचं नाव लावून विकली गेली. दोन वर्षांत ती इंग्रज कंपनीच बुडाली, आणि 2008 मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर टाटांनी विकत घेतल्या. पुतण्याच्या मित्राकडं एमजीची गाडी आहे. ही अक्षरं मॉरिस गॅरेजेसची, म्हणजे मामंजींच्या अँबॅसिडरचंच माहेर. पण आज त्या नावाची मालकी चिनी कंपनीकडं आहे आणि गाडी बनते गुजरातेत हालोलला, अमेरिकन कंपनीनं सोडलेल्या कारखान्यात. स्वीडनची व्होल्वो 2010 पासून चिनी मालकाकडं आहे. आणि जानेवारी 2025 मध्ये गुरुग्राममध्ये बनलेली पाच दारांची जिम्नी सुझुकीनं जपानात विकायला काढली, तेव्हा चार-पाच दिवसांत 50 हजारांच्या आसपास मागणी आली आणि नोंदणी थांबवावी लागली. आजीला हे सांगायला हवं होतं. जपानी माणूस आता आपल्याकडचा माल रांग लावून घेतो.

आपल्या उद्यमबागेत आणि मच्छेला जाऊन बघा. तिथल्या फौंड्रींत ओतलेले भाग गाड्यांना, ट्रॅक्टरना, पंपांना जातात. हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग बनतात. आपण जिला परदेशी म्हणून मिरवतो, तिच्या पोटात बेळगावचं लोखंड असायचंच नाही, असं कोण सांगू शकेल?

म्हणजे देशाला काही अर्थच नाही का? आहे. गाडी ज्या रस्त्यासाठी जन्मली, त्याचे संस्कार तिच्यावर राहतात. जर्मनीत हमरस्त्याच्या पुष्कळ भागात वेगाला मर्यादा नाही, म्हणून त्यांची गाडी वेगात जमिनीला धरून राहते. जपानात गल्ल्या अरुंद, तेल सगळं बाहेरून आणायचं, म्हणून छोटी, कमी पिणारी, बिनतक्रार गाडी त्यांना जमली. स्वीडनच्या व्होल्वोनं 1959 मध्ये आजचा तीन टोकांचा सीटबेल्ट आणला आणि त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. कोरियाच्या ह्युंदाईची अमेरिकेत टिंगल झाली, तेव्हा त्यांनी 1998 मध्ये इंजिन-गिअरला दहा वर्षांची हमी देऊन टीकाकारांची तोंडं बंद केली. हे गुण खरे आहेत. पण ते रक्तातले नाहीत. कमावलेले आहेत. जे कमावलं ते गमावताही येतं, आणि दुसऱ्यालाही कमावता येतं.

आता जे सांगायचं मी दोन महिने टाळत होते, ते सांगते. 2012 मध्ये माझ्या सख्ख्या भावानं गाडी घेतली. तेव्हाही अशीच बैठक बसली होती आणि त्यात मीही होते. परदेशी नावाची गाडी ठरली. नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, आमची होती. शोरूममधल्या मुलानं सांगितलं होतं, वरच्या मॉडेलला एअरबॅग आहेत, थोडे पैसे जास्त पडतील. मीच म्हणाले, "एवढ्या मोठ्या कंपनीची गाडी आहे, खालचं मॉडेलसुद्धा मजबूतच असणार." वाचलेल्या पैशांत आम्ही सीट कव्हर, गाणी लावायची सिस्टीम आणि चकचकीत चाकं घेतली.

वर्षाच्या आत संकेश्वरजवळ, रात्री, दिवे न लावता रस्त्यात उभा असलेला ट्रक त्याला दिसला नाही. छाती स्टिअरिंगवर आदळली. तीन बरगड्या आणि जबडा मोडला. दोन महिने तो नळीनं पेज पीत होता. जीव वाचला, ही यल्लम्माची कृपा. पण भजनात तो पट्टीचा गायचा, तो आवाज परत आला नाही. दवाखान्यात त्यानं एकदाही मला "तू म्हणालीस म्हणून" असं म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुढं जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगानं आदळवून बघितल्या. खालच्या मॉडेलच्या, एअरबॅग नसलेल्या. त्यात जपानी भागीदारीची मारुती होती, आपली टाटा होती, अमेरिकन फोर्ड, कोरियन ह्युंदाई आणि जर्मन फोक्सवॅगन होती. पाचही देशांच्या गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्याच जर्मन पोलोला दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवलं, तेव्हा चार तारे मिळाले. गाडी तीच, देश तोच, फरक एअरबॅगांचा. ही बातमी वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, हे घरात कुणाला माहीत नाही.

त्यानंतर चित्र पालटलं. डिसेंबर 2018 मध्ये टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. असं यश मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. मारुतीच्या स्विफ्टला 2022 मध्ये एकच तारा होता, पण 2024 मध्ये नव्या डिझायरला पाच मिळाले. कंपनी तीच, दोन वर्षांचं अंतर. 2019 पासून चालकाची आणि 2021 पासून शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. हे काही कुठल्या देशाच्या दयेनं झालं नाही. कायदा कडक झाला आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, म्हणून झालं. आपण जे मागतो तेच कंपनी देते. आपण चकचकीत चाकं मागितली, तर चकचकीत चाकं मिळतात.

तेव्हा मामंजींच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं. देश विचारू नका, या चार गोष्टी विचारा. आपण जे मॉडेल घेणार, नेमक्या त्याच मॉडेलची आदळून परीक्षा झाली आहे का, आणि किती तारे मिळाले? सर्व्हिस सेंटर निपाणी, बेळगाव किंवा कोल्हापुरात आहे का, की क्लचप्लेट बदलायला पुण्याला जायचं? ही गाडी पाच वर्षं वापरलेला कुणी ओळखीचा आहे का, आणि त्याचा मेस्त्री काय म्हणतो? आणि कंपनी इथं टिकणार आहे का? शेवर्लेनं 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. त्यांच्या गाड्या वाईट होत्या म्हणून नव्हे, धंदा परवडला नाही म्हणून. पण जुनी गाडी विकताना मालकाला जो भाव ऐकावा लागतो, तो दर्जाच्या तक्त्यात कुठं लिहिलेला नसतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. आपल्या भागात कोल्हापूरची गाडी इकडं आणि बेळगावची तिकडं सारखी फिरत असते. सहा-सात वर्षांपूर्वीची स्वस्त गाडी दारात आली, तर रंगाआधी एअरबॅग बघा. एक आहे, दोन आहेत, की एकही नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली. गाडीला देश विचारणं आपल्याला इतकं सोपं का जातं? सीमाभागातल्या माणसाला तर सकाळ-संध्याकाळ कुणीतरी विचारत असतं, तुम्ही कुठले? कोल्हापुरात केए पासिंग बघून विचारतात, बेंगळुरात आपली भाषा ऐकून विचारतात. कोगनोळीचा नाका ओलांडला की आपण तेच असतो, पण पाटीवरून आपली किंमत बदलते. बंद असला की गाडी बाहेर काढू की नको, हे नंबरप्लेट बघून ठरवावं लागलेलं आहे. पाटीवरून माणूस ओळखू नये, हे ज्यांनी सोसून शिकलं, त्यांनी गाडी पाटीवरून का ओळखावी?

अक्षय तृतीयेला गाडी घरी आली. कुठली ते लिहीत नाही, नाहीतर उद्या दोन फोन येतील, चांगली म्हणून एक आणि फसलात म्हणून एक. लेकीनं स्वतः चालवून निवडली. घाटात चढवून बघितली, रात्री दिव्यांचा उजेड किती लांब पडतो ते बघितलं, आपल्या उंचीला पुढचं नीट दिसतं का ते बघितलं. दार लावून आवाज ऐकायला मात्र ती विसरली. भावानं पुढं होऊन एअरबॅग मोजल्या. सहा भरल्या. मोजून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता हार घातला.

भावोजींचा फोन आला, "एष्ट कोडतैती?" किती देते, म्हणजे ॲव्हरेज. मराठी असो की कन्नड, हा प्रश्न चुकत नाही. दिरांनी दार दोनदा लावून बघितलं. मामंजींना धरून बाहेर आणलं. त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवायला सांगितलं, बॉनेटवरून हात फिरवला आणि नातीला विचारलं, "शेवटी कुठली घेतलीस, पोरी?"

ती म्हणाली, "केए 23, आजोबा. आपल्या निपाणीची."